हुगळीकांठचें श्रीरामपूर

चाळीस वर्षें आम्ही मुलांकडून मराठी व्याकरण घोकून घेतलें. पण पेन्शन घेतल्यावर बंगालांतील श्रीरामपूर (आपल्या नगरकडील नव्हे) पाहीपर्यंत त्या गांवाचें ऋण कधीं आठवलें नाहीं.

१७५५ ते १८४५ हें लहानसें गांव डेन्मार्कचें होतें. मधलीं कांहीं वर्षें मात्र इंग्रजांनीं तें बळकाविलें. कंपनी सरकार आपल्या मुलखांत मिशनऱ्यांस थारा देईना, म्हणून केरी, मार्शमन व वॉर्ड यांनीं १८०० सालीं येथें डेनिश निशाणाखालीं बिऱ्हाड मांडलें व छापखाना घातला. १८०५ सालीं केरीचें मराठी व्याकरण निघालें, १८१० सालीं कोश; त्यांतील मराठी शब्द चक्क मोडींत!

हेतु धर्मप्रसाराचा होता, हें आम्ही विसरत नाहीं. परंतु त्या व्याकरणामागें वैजनाथ पंडितांची विद्या होती, आणि प्रस्तावनेंत केरीनें त्यांचें साहाय्य मान्य केलें आहे. परक्यानें नांव घेतलें. आम्ही एकाही विद्यार्थ्यास तें सांगितलें नाहीं.

१८१८ सालीं स्थापिलेल्या तेथील महाविद्यालयाच्या उंच खांबांपाशीं उभे असतां हें नांव आमच्या तोंडून निघालें. नातवानें विचारलें, "आजोबा, वैजनाथ कोण?" दोन वाक्यांतच आमचें उत्तर संपलें.