विहारापुढून गेलेली रेघ

२०२५ च्या पावसाळ्यातली गोष्ट. ऑफिस सुटल्यावर घरी येताना आमच्या नगरपालिकेच्या फलकापाशी सहज थांबले. टेंडरच्या नोटिशींशेजारी प्रारूप प्रभाग रचनेचा नकाशा टाचण्यांनी लावला होता. एक कोपरा भिजून पुसट झालेला, नेमका आमच्या वस्तीचाच! खाली लिहिले होते, हरकती व सूचना लेखी द्याव्यात. मुदत मोजक्या दिवसांची. निरखून पाहिले, तर विहारापुढच्या रस्त्यावरून रेघ गेलेली. वरची आळी एका प्रभागात, खालची दुसऱ्यात.

घरी सांगितले तर यजमान म्हणाले, "रस्ता तोच, नळ तोच. बिघडलं काय?"

मी बी.कॉम. झालेली, वीस वर्षे कारकुनी करते. कागद घेऊन त्यांना हिशेब मांडून दाखवला. समजा, प्रभागाची लोकसंख्या ३००० आणि त्यात आपली माणसे ६००, म्हणजे २० टक्के. मधून रेघ मारली की ३०० इकडे, ३०० तिकडे. दोन्हीकडे १० टक्के. अनुसूचित जातींच्या राखीव जागा ज्या प्रभागात आपले प्रमाण जास्त तिथून उतरत्या क्रमाने दिल्या जातात. वस्ती फुटली की यादीत खाली घसरली! अशा वस्त्यांचे शक्यतो विभाजन करू नये, असे राज्य निवडणूक आयोगाच्याच सूचनेत आहे. पण ते दाखवून द्यायला कुणीतरी जावे लागते.

माझे माहेर मिरजेचे. १९९८ साली सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एक महापालिका झाली, तेव्हा मी अठराची होते. चौकात चर्चा झाली ती नावात कोण आधी आणि कोण मागे याची. आमच्या वस्तीत कुणी कागद आणला नाही आणि आम्हीही मागितला नाही. बाबासाहेबांनी तर १९१९ च्या जानेवारीत, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, साउथबरो समितीपुढे जाऊन मताधिकार आणि प्रतिनिधित्वाबद्दल साक्ष दिली होती. त्यांची जयंती आम्ही दणक्यात करतो. हरकतीचा अर्ज मात्र कुणी लिहायचा?

शेवटी मीच लिहिला. सह्या गोळा करायला संध्याकाळी दारोदार फिरले, कारण दिवसा बायका कामावर. "आपल्याला कोण विचारतंय?" हे वाक्य किती वेळा ऐकले ते सांगत नाही. एक म्हाताऱ्या आत्या मात्र म्हणाल्या, "आधी वाचून दाखव, मग अंगठा देते." दोनदा वाचून घेतला. मग स्वतःच चार घरे फिरल्या.

सुनावणीला अर्धा दिवस रजा टाकली. आमची पाळी आली तेव्हा साहेबांनी घड्याळ पाहिले. मी भाषण केले नाही, प्रगणक गटांचे आकडे पुढे ठेवले. अंतिम नकाशात रेघ रस्त्यावरून सरकून ओढ्यावर गेली. खालची आळी परत आली. पण ओढ्यापलीकडच्या भाड्याच्या पत्र्याच्या चाळीत आपलीच माणसे राहतात, ती बाहेरच राहिली. त्यांच्यातली एक बाई मला नळावर म्हणाली, "ताई, तुमच्या आळीचं झालं." माझ्या अर्जात चाळीचा उल्लेख नव्हता. मला सुचलेच नव्हते.

आकडे चाळताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली. हे सगळे आकडे २०११ च्या जनगणनेचे, कारण २०२१ ची झालीच नाही. त्यात आमच्या वस्तीत अनुसूचित जातींची माणसे जेवढी दाखवली होती, त्याहून जास्त मला घरोघर मोजून सापडली. वाढ झाली असेल, हे खरे. पण चौकशी केली तेव्हा कळले, पुष्कळांनी धर्म 'बौद्ध' लिहून जातीचा रकाना मोकळा सोडला होता. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला खरा. पण जनगणनेत मूळ जात नोंदवली नाही, तर ते कुटुंब त्या आकड्यात धरले जात नाही. शंभर माणसे अशी सुटली, तर राखीव जागाही हातची जाऊ शकते.

हे मी मिरजेला वडिलांना सांगितले. रेल्वे यार्डात आयुष्य गेले त्यांचे. त्यांनीही २०११ ला रकाना मोकळाच ठेवला होता, तोही जाणूनबुजून. म्हणाले, "दीक्षेत जी टाकली, ती सरकारला परत कशाला लिहून देऊ?"

मी म्हटले, "दादा, सर्टिफिकेटवर आहेच की. माझी नोकरी त्याच्यावरच लागली." ते काही बोलले नाहीत. आईने चहा आणून ठेवला.

२०२७ च्या जनगणनेसाठी मी आतापासून वस्तीत सांगत फिरते आहे, धर्म बौद्ध लिहा, जातही लिहा. ओढ्यापलीकडच्या चाळीपासून सुरुवात केली. आत्या बरोबर येतात. दादांचा फॉर्म ते स्वतःच भरणार आहेत. मी त्यांना पुन्हा विचारलेले नाही.