भाईजानचे डबे

चहाचे डबे मोजले तर सत्तावीस निघाले. पत्र्याचे एकोणीस, पुठ्ठ्याचे आठ. त्यातले फोडलेले फक्त दोन. आमच्या घरात साधी चहापावडर महिन्याला एक किलो लागते आणि ती दर महिन्याला वाण्याकडून येते. म्हणजे माळ्यावर सत्तावीस डबे चहा आहे आणि खाली बायको मला सांगते आहे, "येताना चहा घेऊन या, संपलाय."

हे डबे आले कुठून, हे कोकणातल्या मुसलमानाला सांगावं लागणार नाही. ज्याच्या घरातलं एक माणूस आखातात आहे, त्याच्या माळ्यावर हे सगळं असतंच. साबणाच्या वड्या, टाल्कम पावडर, मिल्क पावडर, जाड ब्लँकेट आणि चहा. बाकीच्यांसाठी सांगतो. माझे मोठे भाऊ 1993 साली कुवेतला गेले. लढाई संपून दोन वर्षं झाली होती, तिकडे माणसं हवी होती. सुरुवातीला दोन वर्षांनी एकदा यायचे, नंतर वर्षाला. प्रत्येक खेपेला बॅगेत दोन-तीन डबे चहाचे. त्यावर चित्रं अशी की मुलं डब्यासाठीच भांडायची. लंडनचं घड्याळ, उंट, सफरचंद, मोगऱ्याची फुलं. आतला चहाही तसाच. कशाला सफरचंदाचा वास, कशाला व्हॅनिलाचा, कशाला वेलचीचा.

अम्मीने ते डबे कधी फोडू दिले नाहीत. "मेहमान आले की काढू." मेहमान यायचे. त्यांना दुधाचा, आल्याचा, भरपूर साखरेचा चहा मिळायचा, कारण मेहमानांना तोच आवडायचा. डबे वर. भाईजान मात्र दर जुम्म्याला फोन करायचे आणि चार गोष्टी झाल्या की विचारायचे, "तो चहा कसा होता?" आम्ही सांगायचो, "एकदम मस्त." कुठला चहा, तेही आम्हाला माहीत नसायचं.

या वर्षी भाईजानचा फोन आला, "आता बस झालं. कायमचा येतोय. रमजान घरी." सगळ्यांना आनंद झाला. रात्री बायको म्हणाली, "आणि माळा बघितला तर?"

भाईजान आल्या आल्या माळ्यावर चढणार, हे नक्की होतं. घर त्यांच्याच पैशाने वर चढलेलं. कुठे गळतं, कुठे वाळवी लागली, हे ते स्वतः बघतात. आणि तिथे त्यांना त्यांचे सगळे डबे जसेच्या तसे, झाकणाखालच्या चकचकीत कागदासकट दिसले असते. तेव्हा ठरलं, रोज अस्रच्या नमाजनंतर एक डबा फोडायचा, प्यायचा, आणि ते येईपर्यंत जमतील तेवढे संपवायचे. मला डॉक्टरांनी साखर बंद केलीच होती. बायको म्हणाली, "बिनसाखरेचं काहीतरी प्यायचंच आहे ना, मग हे प्या."

पहिले तीन तर फेकूनच दिले. कोकणातला पावसाळा कुठल्याही झाकणातून आत शिरतो. कागद उघडला तर चहाचा गोळा झालेला, वर पांढरी बुरशी. नारळाच्या मुळाशी ओतला. बाकीचे कोरडे होते. कोरडा चहा नासत नाही, फक्त वास जातो, आणि या चहांचा अर्धा जीव वासातच. सफरचंद, स्ट्रॉबेरी, व्हॅनिला या सगळ्यांत मूळ पत्ती साधी काळ्या चहाचीच असते, वरून सुगंध लावलेला. तो सुगंध सगळ्यात आधी उडतो. 2004 ची तारीख असलेला सफरचंदाचा डबा उघडला तेव्हा एक क्षण, अगदी एकच क्षण, नाकाला सफरचंद लागलं. कपात काही नव्हतं. गरम लाल पाणी.

चुका आमच्याही झाल्या. आपल्याकडे चहा करायचा म्हणजे उकळायचा. आपली दाणेदार पावडर त्याच्यासाठीच बनवलेली असते, दुधात उकळली तरी तिचा कस निघतो. बायकोने त्याच हाताने मोगऱ्याचा हिरवा चहा पाच मिनिटं खदखदवला. एक घोट घेऊन धाकट्या मुलाने विचारलं, "हे औषध कोणाचं आहे?" नंतर समजलं की हिरव्या चहाला उकळतं पाणी चालत नाही. पाणी उकळून खाली उतरवायचं, थोडं निवू द्यायचं, मग पत्ती, तीही दोन-तीन मिनिटंच. दुसऱ्या दिवशी तसा केला तर तोच चहा हलका, गोडसर. त्या मोगऱ्याचीही गंमत आहे. चीनमध्ये कळ्या रात्री उमलायला लागल्या की चहाच्या पत्तीत मिसळतात, पत्ती रातभर वास ओढून घेते, सकाळी फुलं काढून टाकतात, दुसऱ्या रात्री नवी फुलं. चांगल्या चहाला असं कितीतरी रात्री करतात. चहा आजूबाजूचा वास किती ओढतो, हे आम्हाला पुढे वेगळ्या तऱ्हेने कळणार होतं.

करकदे फसला तो माझ्यामुळे. लालभडक रंग बघून मला वाटलं दूध घातलं तर छान गुलाबी होईल. काश्मिरी लोकांचा नमकीन चहा गुलाबी असतो ना. दूध घातलं आणि फाटलं. करकदे म्हणजे मुळात चहाच नाही, ती आपल्या लाल अंबाडीच्या बोंडांची सालं. आंबट असणारच. थंड करून लिंबू-सरबतासारखा प्यायलो तेव्हा मुलांनी परत मागितला. वेलचीचा चहा सगळ्यांनी पहिल्या घोटाला पास केला, कारण त्यात नवीन काही नव्हतं. पुदिन्याचा बरा. लंडनहून भाचीने आणलेला एक चीनी चहा होता, पाइनच्या लाकडाच्या धुरावर सुकवलेला. त्याला चुलीवर करपलेल्या भाताचा वास. मला तो फार आवडला. घरात दुसऱ्या कोणालाही नाही.

तो अर्ल ग्रेचा डबा मात्र आधीच फोडलेला होता, आणि त्याची गोष्ट सांगायला हवी.

2021 सालची बकरी ईद 21 जुलैला होती. त्याच्या आदल्या दिवशी आषाढी एकादशी. पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. ईदच्या मोठ्या पातेल्यासाठी आम्ही शेगडी आणि सिलिंडर वर गच्चीच्या शेडमध्ये नेलं होतं आणि थकून तिथेच ठेवलं. 22 तारखेला पहाटे वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. आमच्या भिंतीवर 2005 च्या पुराची खूण आहे. आठ वाजेपर्यंत ती खूण पाण्याखाली गेली. फ्रीज, ईदचं गोश्त, पिठाचे डबे, साखर, सगळं खाली. शेजारचं घर कौलारू आणि बैठं. तिथली माणसं आमच्याकडे वर आली. चौदा जण आम्ही त्या वरच्या खोलीत होतो, ओले, आणि लहान मुलं कुडकुडत होती.

शेजारच्या काकू त्यात होत्या. अम्मीची आणि त्यांची तीस वर्षांची ओळख, रोज कुंपणापाशी बोलणं. ईदला त्या आमच्याकडे यायच्या, खुर्चीवर बसायच्या, केळं घ्यायच्या. चहा विचारला की म्हणायच्या, "आत्ताच घेऊन आले." तीस वर्षं त्या आत्ताच घेऊन येत होत्या. अम्मीला ते माहीत होतं आणि तरी ती दर वेळी विचारायची.

त्या दिवशी अम्मी उठली, माळ्याकडे बोट दाखवून मला म्हणाली, "काढ." हाताला आला तो डबा मी काढला. झाकण निघेना तेव्हा तिनेच चमच्याच्या दांड्याने उचकटलं. टाकीतलं पाणी, ईदची शेगडी, ईदचंच पातेलं. दूध नाही, साखर नाही. अर्ल ग्रेमध्ये बर्गमॉट नावाच्या एका संत्र्यासारख्या फळाच्या सालीचं तेल असतं. ते फळ मुख्यतः इटलीच्या दक्षिण टोकाला होतं आणि त्याचं तेल अत्तर-कलोनमध्येही घालतात. पातेल्यातून वाफ निघाली आणि खोलीभर अत्तर. अम्मी म्हणाली, "या मुलाने चहाला अत्तर लावून पाठवलंय." कप सहा होते. आळीपाळीने प्यायलो. काकूंनी दोन्ही हातांनी कप धरला, प्यायल्या, आणि म्हणाल्या, "अजून आहे का थोडा?" त्यावर कोणी काही बोललं नाही. पाणी दुसऱ्या दिवशी उतरलं.

खाली सगळं गेलं होतं. तो डबा तेवढा फोडलेला राहिला. काकू त्याला पूर-चहा म्हणतात. आता येतात तेव्हा विचारतात, "पूर-चहा उरलाय का?" त्याचा वासही आता गेल्यासारखाच आहे. काकूंना मी ते सांगत नाही.

अम्मी त्यानंतर दोन वर्षांनी गेली. तिचं कपाट आवरताना चांगल्या साड्यांच्या खाली, ओढणीत गुंडाळलेला एक छोटा डबा सापडला होता. सोनेरी, हातात मावेल एवढा. हा भाईजानने पहिल्या खेपेला आणलेला, 1995 चा. तेव्हा मी तो माळ्यावर बाकीच्यांत ठेवून दिला. डबे फोडायची पाळी त्याच्यापर्यंत आली तेव्हा बायको म्हणाली, "हा नको." मी म्हटलं, हाच तर आधी विचारतील. फोडला. पत्ती कोरडी, काळीभोर, एकही दाणा खराब नाही. पाणी टाकलं आणि वास आला तो डांबरगोळ्यांचा. सत्तावीस वर्षं कपाटात साड्यांबरोबर होता, सगळं ओढून घेतलं होतं त्याने. डांबरगोळ्या, अगरबत्ती, तिचा हिना. प्यायलो नाही. कप बराच वेळ टेबलावर होता. खोलीत अम्मीचं कपाट उघडल्यासारखा वास होता, आणि दोघांपैकी कोणीही तो ओतायला उठलं नाही.

भाईजान आले तेव्हा अकरा डबे न फोडलेले उरले होते. मी ते पलंगाखाली सरकवले होते. त्यांनी तिसऱ्या दिवशी चप्पल शोधताना काढले. एकेक बाहेर काढून रांगेत लावले, तारखा बघितल्या. मी काय बोलावं हे ठरवत होतो. शेवटी खरं तेच सांगितलं. अम्मी फोडू द्यायची नाही, आम्ही फोनवर खोटं बोलायचो, गेला महिनाभर घाईघाईने संपवतो आहोत.

ते रागावले नाहीत. त्यांनी वेलचीच्या डब्यावरचं अरबी वाचून दाखवलं, "तीन मिनिटं लिहिलंय." मग म्हणाले, "खोलीत आम्ही आठ जण. एक पातेलं, दोन चमचे पावडर, डब्यातलं घट्ट दूध. तो चहा. हे डबे दुकानात बंदच असायचे, वास तरी कसा घेणार? चित्र बघून घ्यायचो."

मी विचारलं, "तुम्ही यातला एकही कधी प्यायला नाहीत?"

"नाही ना. म्हणून तर विचारायचो तुम्हाला, कसा आहे."

आता आम्ही दोघं अस्रनंतर बसतो. भाईजान घड्याळ लावून तीन मिनिटं मोजतात, अर्धा मिनिट इकडे-तिकडे चालत नाही. व्हॅनिलाचा दुसरा डबा त्यांना बिस्किटासारखा लागला. मोगऱ्याचा त्यांनी अर्धा कप सोडला. हिरवा चहा म्हणजे गरम पाण्याचा अपमान, असं त्यांचं मत आहे. करकदे आवडला, पण साखर घालून, आणि ती साखर ते माझ्यासमोर मुद्दाम जोरजोराने ढवळतात. एकदा मी चवीतला बदल म्हणून परसातला गवती चहा घातला, पुरात चिखलाखाली गेलेला तो गड्डा पुढच्या वर्षी आपोआप फुटून आलाय. भाईजानने कप नाकाशी नेला आणि विचारलं, "हा कुठल्या खेपेचा?"

सहा डबे उरलेत. रमजान लागला की अस्रचा चहा बंद, मग तरावीहनंतर. काल काकूंनी कुंपणावरून आवाज दिला की पूर-चहाचा वास आता येत नाही, तुम्ही दुसरंच काही देता. भाईजानने कुवेतला त्यांच्या जुन्या खोलीतल्या एकाला फोन लावलाय. तो ईदला येतोय, एक अर्ल ग्रे आणायला सांगितलाय.