छप्पन्न फुटांचं घर

क्रूझ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? दहा-पंधरा मजली पांढरंशुभ्र जहाज, पोहायचा तलाव, दिवसभर चालणारं खाणंपिणं, रात्री गाणी. अशा जहाजातून लोक तीन-चार महिन्यांत जगाला फेरी मारून येतात. त्यांचा स्वयंपाक करणारे आणि खोल्या आवरणारे बरेच जण गोव्याचे असतात. जहाजाला जुना मराठी शब्द आहे 'तारू', आणि जहाजावर नोकरी करणाऱ्याला गोव्यात 'तारवटी' म्हणतात.

मी मात्र तुम्हाला दुसऱ्या एका सफरीबद्दल सांगणार आहे. त्या बोटीवर पाहुणे नव्हते, नोकर नव्हते. दोनच माणसं होती. सगळी कामं त्यांचीच.

२ ऑक्टोबर २०२४ ला गोव्यातून 'तारिणी' नावाची शिडाची बोट निघाली. शीड म्हणजे वारा धरणारं मोठं कापड. बोटीवर भारतीय नौदलाच्या दोन अधिकारी होत्या, लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. वाऱ्याच्या जोरावर त्या ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण अमेरिकेचं खालचं टोक आणि आफ्रिका असं करत पृथ्वीला फेरी मारून आल्या. वाटेत चारच थांबे होते : फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅनली आणि केपटाऊन. २९ मे २०२५ ला त्या गोव्यात परतल्या. जवळजवळ आठ महिने.

त्यांच्या आधीही काही जण गेले होते. २००९-१० मध्ये कमांडर दिलीप दोंदे 'म्हादई' बोटीतून एकटे जगाला फेरी मारून आले. असं करणारे ते पहिले भारतीय. २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी कुठेही न थांबता, एकटेच गेले. मग २०१७-१८ मध्ये वर्तिका जोशींच्या नेतृत्वाखाली सहा जणी याच तारिणीतून गेल्या. म्हादई आणि तारिणी, दोन्ही बोटी गोव्यातच बांधलेल्या.

आता मी कुठे बसून हे लिहितोय, ते सांगतो. मी अल सुलैला राहतो. हा रियाध शहराच्या आग्नेयेचा, गोदामांचा भाग. इथून समुद्र साधारण ४०० किलोमीटर लांब आहे, दम्मामला. तरी समुद्र रोज आमच्याकडे येतो, कंटेनरमध्ये बसून! दम्मामच्या बंदरात उतरलेले कंटेनर रेल्वेने आणि ट्रेलरने रियाधला येतात. कुठला माल कुठल्या रॅकवर ठेवलाय, हे सांगणारं सॉफ्टवेअर सांभाळणं हे माझं काम. त्यामुळे चाळीस फुटी कंटेनर मी रोज बघतो. तारिणी सुमारे ५६ फूट. म्हणजे एक मोठा कंटेनर आणि वर सोळा फूट. त्यात झोपायचं, स्वयंपाक करायचा, शिडं ठेवायची, आठ महिने काढायचे. तेही सतत हलणाऱ्या जागेत.

बातम्यांमध्ये तुम्हाला वादळांचे फोटो दिसतील. वादळं येतातच, आणि दक्षिणेकडच्या समुद्रात लाटा घराएवढ्या उंच असतात. पण मला स्वतःला वादळापेक्षा कांद्यांबद्दल जास्त कुतूहल आहे. पालेभाजी बोटीवर चार-पाच दिवस टिकते. कांदे-बटाटे पुष्कळ दिवस टिकतात, पण एक सडला की शेजारच्याला सडवतो, म्हणून ते रोज चाळून बघावे लागतात. नंतर उरतं ते डाळ, तांदूळ आणि डब्यातलं. शेगडी पक्की बसवलेली नसते, ती झोक्यासारखी टांगलेली असते. बोट कलली तरी शेगडी सरळ राहते आणि भात सांडत नाही. (नेहमीच नाही!) गोडं पाणी मोजून वापरायचं, कारण ते समुद्राच्या पाण्यातून यंत्राने काढावं लागतं.

आणि दुरुस्ती. हे काम कधी संपतच नाही. दोर घासून झिजतात, शीड उसवतं, खारी हवा प्रत्येक खिळ्याला गंज चढवते. सकाळी उठून सगळी बोट तपासायची, काल जे ठीक होतं ते आज ठीक आहे का बघायचं. आमच्या कामातही असंच असतं, म्हणून मला हे चटकन समजतं. फरक एवढाच, की माझा सर्व्हर बंद पडला तर मी बुडत नाही.

रात्री बोट थांबत नाही. भर समुद्रात पाणी हजारो मीटर खोल असतं, तिथे नांगर टाकता येत नाही. एक झोपली की दुसरीला जागं राहावं लागतं. समोर दुसरं जहाज येतंय का, वारा फिरला का, हे बघत राहायचं. सलग आठ तास झोप विसरायची.

वेळेचीही गंमत आहे. शाळेत आम्ही भूगोल मराठीत शिकलो. १५ रेखांश म्हणजे एक तास, हे तेव्हा पाठ केलं होतं. त्याचा खरा अर्थ मला या बोटींमुळे कळला. पूर्वेकडे जाणाऱ्या बोटीला सूर्य रोज थोडा लवकर भेटतो, म्हणून तिचा दिवस २४ तासांपेक्षा जरासा छोटा असतो. ही काही मिनिटं साठत जातात आणि पूर्ण फेरीत एक अख्खा दिवस जास्तीचा जमतो. म्हणून प्रशांत महासागरात आंतरराष्ट्रीय वार रेषा ओलांडताना तीच तारीख पुन्हा धरायची. आज बुधवार, उद्याही बुधवार! आणखी एक हिशोब करून बघा. जगाची फेरी मानायची तर किमान २१,६०० सागरी मैल जावं लागतं. ३६० ला ६० ने गुणा, म्हणजे हा आकडा कुठून आला ते दिसेल. तारिणी २५,००० मैलांच्या वर गेली.

३० जानेवारी २०२५ ला त्या दोघी 'पॉइंट निमो' इथून गेल्या. समुद्रातली ही अशी जागा, की जिथून सगळ्यात जवळची जमीन सुमारे २,६८८ किलोमीटरवर आहे. कधीकधी तिथे सगळ्यात जवळची माणसं म्हणजे डोक्यावरून जाणारे अंतराळवीर. अंतराळ स्थानक साधारण ४०० किलोमीटर उंचीवर फिरतं. अल सुलैहून दम्मामचा समुद्र आहे ना, तेवढंच अंतर, फक्त वरच्या दिशेने.

पण बाकीचं जग लांब असणं एक, आणि एकच माणूस सतत जवळ असणं दुसरं. मला दुसरं जास्त अवघड वाटतं. माझी बायको आणि मुलगी सांगलीला असतात. इथे आम्ही चौघे एका फ्लॅटमध्ये राहतो. गेल्या उन्हाळ्यात एसी किती थंड ठेवायचा यावरून दोघांचं वाजलं. नऊ दिवस अबोला! 'अबोला' म्हणजे रागावून मुद्दाम न बोलणं. 'रुसणं' हाही त्याच्याच घरचा शब्द. तुमच्या दुसऱ्या भाषेत या दोन्हींना नेमका शब्द सापडतो का, बघा. आमच्या फ्लॅटमध्ये अबोला चालला, कारण दारं होती, दोघांची ऑफिसं वेगळी होती, खाली चहाचं दुकान होतं. बोटीवर रुसायला दुसरी खोली नाही. आणि पहारा बदलताना वारा कुठून आहे, काय मोडलंय, हे एकीने दुसरीला सांगावंच लागतं. नाही सांगितलं, तर दोघींच्या जिवावर बेतेल. म्हणून मला वाटतं, त्या दोघींची खरी कमाई हीच. आठ महिने रोज, थकलेल्या असतानाही, एकमेकींशी नीट बोलत राहणं.

दिवाळीही समुद्रातच गेली. २०१७ च्या सहा जणींचीही तशीच गेली होती, दोन्ही वेळी फ्रीमँटलला पोचायच्या आधी. मुलीला मी हे फोनवर सांगितलं, तर तिचा पहिला प्रश्न, "मग फराळ?" दुसरा प्रश्न जरा वेळाने आला, "बाबा, त्यांचे आठ महिने. तुमचे किती?" मी म्हटलं, "अकरा." ती काही बोलली नाही. मग तिने मला शाळेतल्या बाईंबद्दल काहीतरी लांबलचक सांगितलं, आणि मी ते सगळं ऐकून घेतलं.

खूप दिवस बोटीवर राहिलेली माणसं जमिनीवर उतरली की त्यांना जमीन हलल्यासारखी वाटते. शरीराला बोटीची सवय झालेली असते, ती जायला वेळ लागतो. मला याचं नवल वाटत नाही. वर्षातून एकदा मी सांगलीला जातो, तेव्हा पहिले दोन-तीन दिवस रात्री उठलो की दिव्याचं बटण अल सुलैच्या खोलीत जिथे आहे, त्या बाजूच्या भिंतीवर शोधत असतो.