गळाला लागलेली रजा

आमच्या दिंद्रुडचा माणूस गाव सोडून निघाला, की त्याची कारणं ठरलेली असतात. दर्शनाला परळी, आषाढीला पंढरपूर, दुखण्याला अंबाजोगाई, तारखेला माजलगाव, आणि दसरा झाला की कोयता घेऊन साखर कारखाना. या पाचांत न बसणारा प्रवास आमच्याकडे संशयास्पद समजतात. तेव्हा बँकेतला एक चाळिशी ओलांडलेला, बी.कॉम., चष्मा लावणारा माणूस हिमाचल प्रदेशात ‘ट्राउट’ नावाचा मासा धरायला निघालाय ही बातमी फुटली, तेव्हा गावाला माझी काळजी वाटू लागली. दोघांनी तर माझ्या घरी येऊन ‘सगळं ठीक आहे ना?’ असं विचारलं, आणि चहा घेऊन गेले.

या प्रकरणाचं मूळ आमचे शाखाधिकारी. वय अठ्ठावीस, गाव जोगिंदरनगर, जिल्हा मंडी. हिमाचलाचा हा पोरगा एप्रिलमध्ये बदली होऊन दिंद्रुडला रुजू झाला. एप्रिलमधलं दिंद्रुड पाहून माणूस एक तर राजीनामा देतो, नाही तर तत्त्वज्ञ होतो. साहेबांनी मधला मार्ग काढला. दुपारी वीज गेली की ते मोबाइल काढत आणि आपल्या गावाजवळच्या बरोटचा व्हिडिओ लावत. देवदाराची झाडं, छोटंसं तळं, आणि त्या तळ्यात येऊन पडणारी ऊहल नदी. ‘सर, पानी देखिए,’ एवढंच म्हणायचे. मी बघायचो. आमचा शिपाई बघायचा. रांगेतले खातेदारही काचेतून माना आत घालून बघायचे. पासबुक भरून घ्यायचं राहूनच जायचं.

एके दुपारी त्या पाण्यात एक ठिपक्याठिपक्यांचा मासा उडाला आणि मी विचारलं, ‘हे काय?’

साहेब म्हणाले, ‘ट्राउट.’

मी त्या दिवशीच गळाला लागलो.

हा मासा मूळचा आपल्याकडचा नव्हे. साहेबाच्या राज्यात साहेबाला सगळं विलायतेसारखं हवं असे; नद्या थंडगार होत्या, पण त्यांत आपला मासा नाही म्हणून त्याला करमेना. १८९९ साली ड्यूक ऑफ बेडफर्डनं काश्मीरला ट्राउटची अंडी पाठवली, ती वाटेतच खराब झाली. १९०० साली पुन्हा मागवली, ती पोचली. श्रीनगरात मिचेल नावाचा एक गालिच्यांचा कारखानदार होता, त्यानं ती जिवापाड सांभाळून वाढवली. (गालिचेवाल्यानं मासे वाढवावेत, मग बँकवाल्यानं ते धरू नयेत का?) पुढे १९०९ साली हॉवेल नावाच्या अधिकाऱ्यानं काश्मीरहून अंडी आणून कुलूच्या खोऱ्यात, कटराईंजवळ सोडली आणि ट्राउट हिमाचलचा झाला. बोटीतून, बर्फात, समुद्र ओलांडून अंडी आली आणि जगली. आमच्या शाखेची स्टेशनरी संभाजीनगरहून निघते, ती अजून आलेली नाही.

ट्राउटचं असं आहे, की त्याला पाणी थंड लागतं, स्वच्छ लागतं आणि वाहतं लागतं. पाणी वीस अंशांच्या पुढे तापलं, की त्याचा जीव कासावीस होतो. आमच्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी मे महिन्यात चहाला चालतं, नुसती पत्ती टाकायची. म्हणजे आमच्या जिल्ह्यात ट्राउट येणं शक्य नाही, जायचं आम्हालाच.

आता पैशाचं. आम्हा बँकवाल्यांना एलएफसी नावाची एक सवलत असते. चार वर्षांचा ब्लॉक, त्यात सहकुटुंब प्रवासाचं भाडं बँक देते. मार्च २०२४च्या वेतन करारात आमचं ‘क्लार्क’ हे नाव जाऊन ‘कस्टमर सर्व्हिस असोसिएट’ झालं. नाव लांबलं, काउंटर तेच राहिलं. पण एलएफसी शाबूत राहिली. माझा ब्लॉक याच वर्षी संपत होता. मागच्या ब्लॉकमध्ये आम्ही तिरुपतीला गेलो होतो आणि त्याच्या मागच्यात मुलगी तापानं आजारी पडल्यामुळे कुठेच नाही. यंदा गेलो नाही, तर सवलत बुडाली. बुडीत खात्यांचं काम मी अठरा वर्षं केलंय. स्वतःचं खातं बुडू देणं माझ्या रक्तात नाही.

मी कागद घेऊन बसलो. परभणीपर्यंत एस.टी., तिथून सचखंड एक्स्प्रेस. ही गाडी नांदेडहून अमृतसरला जाते आणि वाटेत स्टेशनावर लंगरचं जेवण मिळतं, हे आमच्या हिनं ऐकलं आणि बेताला तिचं पहिलं अनुकूल मत पडलं. अंबाल्याला उतरायचं, बसनं मंडी, मंडीहून दुसऱ्या बसनं बरोट. खरं तर पठाणकोटहून जोगिंदरनगरला १९२९ सालची चिमुकली आगगाडी आहे आणि तिच्यात बसायची मला फार हौस होती. पण तिच्या वाटेवरचा चक्की नदीचा पूल ऑगस्ट २०२२च्या पुरात पडला, तेव्हा साहेबच म्हणाले, बसनं जा. त्या गाडीचंही गंमतशीर आहे. ती प्रवाशांसाठी नव्हे, वीजघराची यंत्रं न्यायला आखली. १९२५ साली मंडीच्या राजानं ऊहल नदीचं पाणी नव्याण्णव वर्षांच्या करारानं दिलं, बॅटी नावाच्या कर्नलनं डोंगरातून बोगदा काढून ते पाणी खाली आणलं, आणि शानन वीजघर उभं राहिलं. बरोटचं तळं त्याच खटाटोपातलं. मार्च २०२४ मध्ये करार मॅच्युअर झाला आणि वीजघर कुणाचं यावरून पंजाब आणि हिमाचल यांच्यात जुंपली. नव्याण्णव वर्षांची मुदत ठेव आणि वारसांत भांडण. हे वाचल्यावर बरोट मला एकदम आपल्या शाखेतलंच वाटू लागलं.

माशी शिंकली ती तारखांवर. ट्राउट पावसानंतर, थंडी पडू लागली की अंडी घालायच्या तयारीला लागतो. म्हणून हिमाचलात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउटच्या मासेमारीला बंदी असते. यंदा दिवाळी ८ नोव्हेंबरला. म्हणजे शाळेला सुट्टी लागणार आणि माशाची सुट्टी त्याच वेळी सुरू होणार. मार्चमध्ये मासा मोकळा, पण मार्चमध्ये बँकेतला माणूस रजा मागतो तेव्हा त्याला डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं, तेही मानसोपचाराच्या डॉक्टरचं. जुलै-ऑगस्टमध्ये तिकडे पाऊस, दरडी, गढूळ पाणी. आणि इकडे पीकविम्याची रांग थेट एस.टी. स्टँडपर्यंत. सगळं वजा जाता हाताशी उरला ऑक्टोबर. मुलीची सहामाही संपली की पहिल्या दिवशी निघायचं आणि ३१ तारखेच्या आत मासा धरायचा. मी रजेचा अर्ज लिहिला आणि साहेबांच्या टेबलावर ठेवला.

साहेबांनी तो वाचला आणि ड्रॉवरमधून स्वतःचा रजेचा अर्ज काढून माझ्या अर्जाशेजारी ठेवला. त्याच तारखा.

शाखेत आम्ही तिघं. साहेब, मी आणि शिपाई. दोघं एकदम गेले तर तिजोरीच्या दोन किल्ल्या कुणाच्या हातात द्यायच्या? मला त्यांच्या गावी जायचं होतं आणि त्यांनाही त्यांच्या गावी जायचं होतं. फरक एवढाच, की ते सहा महिने आईला भेटले नव्हते. आम्ही दोघं त्या दोन अर्जांकडे बघत बसलो. तेवढ्यात वीज गेली. साहेबांनी सवयीनं मोबाइल काढला आणि परत खिशात ठेवला.

ही गोष्ट मी घरी सांगितली. ही म्हणाली, ‘अहो, त्यांना जाऊ द्या. लेकरू आहे ते.’ मुलगी म्हणाली, ‘बाबा, आपण माजलगावच्या धरणावर जाऊ.’ धरणावर आम्ही गेलो होतो, बेताची तयारी म्हणूनच. सिंदफणेच्या या पाण्यात जाळं टाकणारा आमचा एक खातेदार आहे. रोहू, कटला, मरळ. नुसतं पाण्याकडे बघून तो मासा ओळखतो. त्याला मी ट्राउटसाठी आणलेली काठी दाखवली आणि दोऱ्याच्या टोकाची पिसांची खोटी माशीही दाखवली. त्यानं ती चिमटीत धरून उलटसुलट पाहिली. ‘ह्या माशीनं मासा फसतो?’

‘फसतो म्हणतात.’

‘तिकडचे मासे शाळेत जात नसतील,’ तो म्हणाला. ‘आन् धरलेला मासा इकायचा कुठं?’

मी सांगितलं, की परवाना काढावा लागतो, जाळं चालत नाही, दिवसाला ठरावीकच मासे धरता येतात, आणि पुष्कळ लोक धरून पुन्हा पाण्यात सोडतात. यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘सायेब, पगार लई झालाय का तुम्हाला?’

काउंटरवरही तेच. आमच्या भागातून दरसाल घरच्या घरं ऊसतोडीला जातात, सहा-सहा महिने. आमच्याकडे ‘बाहेर चाललो’ याचा अर्थ तोच. एक म्हातारे मुकादम पैसे काढायला आले होते. त्यांनी ऐकलं, की मी ऑक्टोबरात निघतोय.

‘कोणत्या कारखान्याला?’

‘कारखान्याला नाही मामा, हिमाचलला.’

‘तिकडं ऊस असतोय व्हय?’

‘फिरायला चाललोय.’

‘फिरायला,’ ते म्हणाले. शब्द नवा असावा तसा त्यांनी तो एकदा तोंडात घोळवला. ‘मग उचल किती दिली?’

मी त्यांना एलएफसीच्या ॲडव्हान्सचा आकडा सांगितला. जोडीमागं तेवढी उचल मिळते का याचा त्यांनी मनात हिशोब केलेला दिसला, आणि फिटवायची कशी हेही विचारलं. फिटवायची नसते, तिकिटं दाखवायची असतात, हे सांगताना माझा आवाज आपोआप खाली आला. त्यांनी नोटा दोनदा मोजल्या, कोपरीच्या खिशात घातल्या आणि म्हणाले, ‘जाऊन या. लेकरं न्या संगं. आमची बी संगंच असतेत.’

अडचण शेवटी साहेबांनीच सोडवली. सोमवारी आले ते हसत. म्हणाले, बंदी माशाला आहे, मला नाही. मी दिवाळीला घरी जातो. ऑक्टोबरात तुम्ही जा. अट एकच : दिवाळीच्या आठवड्यात शाखा तुमच्या गळ्यात. मी होय म्हणालो. आणखी एक पोटअट निघाली. त्यांच्या आईला पाच किलो ज्वारीचं पीठ पोचवायचं. दिंद्रुडला येऊन हा हिमाचली पोरगा भाकरीच्या इतका नादी लागलाय, की त्याची आई फोनवर विचारते, असं काय असतं त्या भाकरीत? भाकरी थापायचं प्रात्यक्षिक आमच्या हिनं करून दाखवायचं असंही ठरलं. त्यामुळे सरकारी प्रवासाला ‘तांत्रिक सल्लागार’ मिळाला.

उरली आई. आईच्या गळ्यात तुळशीची माळ, घरात मासळीचा वाससुद्धा चालत नाही, आणि एलएफसीत तिचंही नाव. तिला काशीला जायचं होतं, तेही दहा वर्षांपासून. मी दबकतच तिला सगळं सांगितलं. धरायचा, बघायचा आणि सोडून द्यायचा, कुणी खायचं नाही, हे दोनदा सांगितलं.

‘सोडायचाच हाय तर धरायचा कशाला?’ आई म्हणाली.

याला उत्तर नव्हतं. म्हणून मी देवाधर्माच्या बाजूनं गेलो. ऊहल नदी पुढे बियास नदीला मिळते, बियास म्हणजे व्यासांची नदी. मंडीच्या वर डोंगरात पराशर ऋषींचं तळं आहे, तळ्याकाठी लाकडी देऊळ, तळ्यात तरंगणारं गवताचं बेट. व्यासांचे वडील ते. आईनं पोथ्या ऐकलेल्या. ती लगेच म्हणाली, ‘म्हंजे मत्स्यगंधेचा नवरा.’ आणि हसली. ‘त्यो बी मासे धरणाऱ्यांच्याच नावेत बसलता. तुझं काय घेऊन बसलास.’

त्या रात्री मी तिला मोबाइलवर साहेबांचा तो व्हिडिओ दाखवला. आईनं १९७२च्या दुष्काळात खडी फोडलेली आहे. लाल मिलो आणि सुकडी खाऊन दिवस काढलेत. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी नेलं, तेव्हा आमच्याकडेही टँकरच चालू होते आणि हिच्या आधी आईच कळशी घेऊन उभी असायची. तिनं व्हिडिओ एकदा पाहिला, पुन्हा लावायला सांगितला. मासा उडाला त्याकडे तिचं लक्षच नव्हतं.

‘हे दिवसभर असंच वाहतंय?’

‘हो.’

‘रातीला?’

‘रात्रीपण.’

‘आन् बंद कोण करतं?’

‘कुणी नाही, आई.’

ती काही बोलली नाही. सकाळी मी उठलो, तर रजेच्या फायलीशेजारी, काठी आणि पिसांच्या माशांच्या डबीजवळ, चिंचेनं घासून लख्ख केलेली पितळी कळशी ठेवलेली. गाडीत एवढं ओझं कशाला, तिकडे प्लास्टिकच्या बाटल्या मिळतात, असं ही म्हणाली. तिला आईनं उत्तरसुद्धा दिलं नाही.

सचखंडचं बुकिंग साठ दिवस आधी उघडतं, त्याला अजून वेळ आहे. कळशी मात्र कन्फर्म आहे.