मोलेसरशास्त्र्यांची वाडी

आमच्या घरी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आहे. १९७५ साली पुण्यात त्याचे पुनर्मुद्रण झाले, त्यातली प्रत वडिलांनी घेतलेली. लहानपणी मला वाटे, हे आडनाव म्हणजे गमतीचा जोडशब्द असणार. 'मोल' आपले, 'वर्थ' इंग्रजांचे, आणि दोहोंचा अर्थ किंमत! एवढा जाडजूड ग्रंथ करणाऱ्याला शोभेल असेच नाव.

खरी व्युत्पत्ती पुष्कळ वर्षांनी कळली. मोल्सवर्थ हे मुळात गावाचे नाव. इंग्लंडात, पूर्वीच्या हंटिंगडनशर आणि आताच्या केंब्रिजशर परगण्यात हे लहानसे खेडे आहे. विल्यम राजाने करविलेल्या १०८६ सालच्या पाहणीत, म्हणजे 'डूम्सडे बुक'मध्ये, त्याची नोंद सापडते. जुन्या इंग्रजीत 'वर्थ' म्हणजे कुंपण घातलेली जागा, आणि 'मूल' हे माणसाचे नाव. कुणा मूल नावाच्या गृहस्थाने कुंपण घालून वसवलेली ती वाडी. लंडनमधले वाँड्सवर्थ, वॉरिकशरमधले केनिलवर्थ ही गावेही त्याच कुळीतली.

म्हणजे आपल्या 'कर'वाल्या आडनावांचेच हे भावंड. पेडण्याचे पेडणेकर, नार्व्याचे नार्वेकर, तसे मोल्सवर्थचे मोल्सवर्थ. तेराव्या शतकाच्या अखेरीस वॉल्टर द मोल्सवर्थ नावाचे एक शेरीफ होऊन गेले. त्यातला फ्रेंच वळणाचा 'द' म्हणजे आपला 'चा'. पुढे तो गळून पडला आणि नुसते गावच माणसाला चिकटून राहिले.

गाव जागच्या जागी राहिले, नाव मात्र जगभर हिंडले. कॉर्नवॉलमधल्या पेन्कॅरो येथील मोल्सवर्थांना १६८९ साली बॅरोनेट हा किताब मिळाला. रॉबर्ट मोल्सवर्थ १७१६ साली आयर्लंडचे व्हायकाउंट झाले. डब्लिनमध्ये मोल्सवर्थ स्ट्रीट आहे. पेन्कॅरोच्याच घराण्यातले सर विल्यम १८५५ साली ब्रिटनचे वसाहतमंत्री झाले. न्यूझीलंडच्या राजधानीत, वेलिंग्टनमध्ये, त्यांच्या नावाचा रस्ता आहे.

आपल्याकडे आले ते जेम्स थॉमस मोल्सवर्थ, कंपनी सरकारच्या लष्करातले अधिकारी. कँडी बंधूंच्या साहाय्याने त्यांनी केलेला कोश १८३१ साली निघाला, आणि वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली. मराठी मंडळींनी त्यांना प्रेमाने 'मोलेसरशास्त्री' करून टाकले. 'थ' गेला, 'र्थ'चा नुसता 'र' उरला, पण त्या मोडक्या उच्चारात केवढा मान आहे पाहा! साहेबाला शास्त्री म्हणणे ही त्या काळी काही साधी गोष्ट नव्हती.

हे वाचले तेव्हा मला आमच्या वडिलांचा राग आठवला. आमचे आडनाव प्रभू. आजोबांच्या पोर्तुगीज काळातल्या जन्मनोंदीत मात्र ते 'पोरोबो' असे पडले. गोवा मुक्तीनंतर घराच्या कागदपत्रांसाठी एका कचेरीत गेल्यावर पोरोबो आणि प्रभू हे एकच, हे सिद्ध करताना वडील रडकुंडीस आले. "पाकल्यांनी आमचे नावसुद्धा बाटवले!" असे ते शेवटपर्यंत म्हणत.

मीही तेच म्हणत आलो. पण गावी आमच्या घराला जुनी माणसे अजून काय म्हणतात? 'परबागेर'! 'प्रभू'चा 'परब' कुणा पाकल्याने केला नाही, आमच्याच वाड्यावरच्या जिभांनी केला. त्या 'पोरोबो'त मला आता तो 'परब' स्पष्ट ऐकू येतो. कारकुनाने कानावर पडले ते आपल्या लिपीत उतरवले, इतकेच. वडील असते तर त्यांना हे सांगितले असते. ते मानले असते असे नाही, पण भांडता भांडता हसले नक्की असते.

परवा कोश काढून सहज 'वाडी' शब्द पाहिला. कुंपण घातलेली जमीन, असाच अर्थ त्यांनी तिथे दिला आहे. वाचकहो, आपल्या आडनावाचा अर्धा अर्थ मोलेसरशास्त्र्यांनी असा आमच्या भाषेत लिहून ठेवला आहे. वडिलांच्या प्रतीत त्या पानावर मी एक कागदाची खूण घालून ठेवली.