धूळ, फॅन आणि आई

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले होते. घर म्हणजे अंकुशनगर. पुण्यात हे नाव सांगितलं की हमखास प्रश्न येतो, 'हे कुठे आलं?' जालना जिल्हा, अंबड तालुका, समर्थ सहकारी साखर कारखाना. बास, एवढाच पत्ता! उसाचा सीझन आला की रस्त्यावर ट्रॅक्टर वाढतात आणि घरातल्या प्रत्येक वस्तूवर धूळ बसते.

आईला दमा आहे. म्हणून म्हटलं, यंदा साफसफाई आपली! तिला स्वयंपाकघरात बसवलं आणि हॉल ताब्यात घेतला. अक्कल अशी चालवली की फॅन पाचवर ठेवला (धूळ आपोआप खिडकीतून जाईल, नाही का?) आणि कोरडा झाडू दणादण मारायला लागले. पाच मिनिटांत उन्हाच्या पट्ट्यात नुसता धुरळा नाचत होता. दहाव्या मिनिटाला आई दारात आली, चौकट धरून. तिला बोलता येत नव्हतं. इनहेलर सापडेपर्यंतचा तो वेळ... नको, नाही लिहीत.

रात्री ती झोपली. मी तिच्या श्वासाकडे कान लावून वर बघत पडले. फॅन बंद होता आणि पात्यांवर धुळीची जाड किनार. कमाल आहे! हा पठ्ठ्या रोज गरगर फिरतो, तरी त्याची स्वतःची धूळ उडत नाही. मग माझ्या झाडूने दहा मिनिटांत एवढी कशी उडाली?

माझं फिजिक्स दहावीतच संपलं. तरी मोबाईलवर वाचत बसले. तर गंमत अशी, हवा कितीही जोरात वाहिली तरी पृष्ठभागालगतचा तिचा पातळ थर जवळजवळ थांबलेला असतो. बारीक कण त्या थरात दडून बसतात. शिवाय कण जितका लहान, तितकी त्याची चिकटण्याची ताकद वाऱ्याला भारी पडते. त्याला हलवतात ते झटके. खवळलेल्या हवेतला एखादा भोवरा मध्येच खाली घुसतो, कण डुगडुगतो, घरंगळतो आणि सुटतो.

वाळवंटात वाळूचा अभ्यास करणाऱ्या राल्फ बॅग्नॉल्डचं पुस्तक १९४१ साली आलं. साधारण ०.०८ मिलिमीटरचे कण वारा सगळ्यात सहज उचलतो, असं त्याला आढळलं. त्याहून बारीक पूड वाऱ्याला दाद देत नाही, पण जाड कण उड्या मारत येऊन तिच्यावर आपटले की तीही उडते. आमच्या रस्त्यावर ट्रॅक्टरचं चाक अशीच पूड उडवतं. हॉलमध्ये ते काम माझ्या झाडूने केलं आणि फॅनने ती पूड घरभर फिरवली. त्यातली सगळ्यात बारीक धूळ तासन्‌तास तरंगते आणि छातीत खोलवर जाते.

सकाळी उठले तर आई अंगणात सडा टाकत होती. पाणी कणांना एकमेकांशी बांधून ठेवतं, हे मी तिला उत्साहाने समजावलं.

"रात्रभर हेच वाचलंस?" ती म्हणाली. "मला विचारायचंस की. आधी फडकं ओलं करावं, मग हात लावावा."

मग तिला अंगणातच बसवलं, फॅनचं बटण बंद केलं आणि स्टुलावर चढले. उशीचा जुना अभ्रा ओला करून पात्यावर चढवला, दाबून मागे ओढला. सगळी धूळ अभ्र्याच्या आत!

"झालं का गं?" बाहेरून आवाज आला. खणखणीत, एका दमात.