चोर्ल्याच्या उतारावर

बेळगावहून जांबोटीमार्गे निघाले, की मलप्रभेच्या उगमाचे कणकुंबी लागते आणि पुढे चोर्ल्याचा घाट गोव्याकडे उतरू लागतो. कुलदेवतेच्या दर्शनास वा सोयरिकीस आम्ही बेळगावकर याच वाटेने जातो. पावसाळ्यातील धुक्याने हा मार्ग जितका रम्य, तितकाच फसवा होतो.

येथे पुष्कळ जण पेट्रोल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात. ही समजूत कार्ब्युरेटरच्या काळातली. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात उलटेच घडते. गिअर घातलेला ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की उतारावर चाकेच इंजिन फिरवितात आणि इंधनाचा पुरवठा थांबतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहण्यापुरते इंधन जळतच असते. शिवाय सारा भार ब्रेकांवर पडून ते तापतात व ऐन वळणावर दगा देतात.

तेव्हा वाचकहो, ज्या गिअरात चढण चढावी, त्याच गिअरात ती उतरावी. समोरून चढून येणाऱ्यास आधी वाट द्यावी. अंजुणे धरणाचे पाणी पाहत केरीला सुखरूप पोहोचावे. पेट्रोलचा हिशेब मग सावकाश करता येतो.